चवदार तळे, दामोदर आणि घटनेतील दोन कलमे

राजधानीत नोकरीनिमित्त येऊन स्थायिक झालेल्या मराठी माणसाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे दिल्लीतील पत्ते सहसा ठाऊक असतात. २२, पृथ्वीराज रोड हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातील दिवसांचा; १, हार्डिंज ॲव्हेन्यू, म्हणजे आजचा टिळक मार्ग, हा कायदामंत्रिपदाचा; आणि २६, अलीपूर रोड हा अखेरचा. रामकृष्णपुरमच्या सेवा भवनात केंद्रीय जल आयोगाचे कार्यालय आहे. त्या आयोगाचे मूळही पृथ्वीराज रोडच्या त्याच चार वर्षांत आहे, याची चर्चा मात्र क्वचितच होते. घटनेचे शिल्पकार ही ओळख एवढी मोठी ठरली की तिच्यामागे त्यांच्या आयुष्यातील एक सलग धागा झाकला गेला. तो पाण्याचा आहे. पाण्यावरून केंद्र आणि राज्ये, तसेच राज्ये आणि राज्ये यांच्यातील वाद आज ज्या जागी अडकून पडले आहेत, ती जागा नेमकी ओळखायची तर हे आयुष्य त्या धाग्याने वाचावे लागते.

जन्म १४ एप्रिल १८९१, महूचा. वडील रामजी लष्करात सुभेदार. निवृत्तीनंतर कुटुंब दापोलीमार्गे साताऱ्यास आले. साताऱ्याच्या शाळेत या मुलाला तहान लागली तर नळाला हात लावण्याची मुभा नव्हती. शिपायाने तोटी सोडली तरच पाणी, शिपाई नसेल तर तहान तशीच. याच काळात रामजींना खटाव तालुक्यात कॅशियरची नोकरी मिळाली होती. दुष्काळात उपासमारीने माणसे मरत होती आणि त्यांना काम मिळावे म्हणून सरकारने तेथे तलाव खोदण्यास घेतला होता. १९०१ च्या उन्हाळ्यात मुले वडिलांना भेटण्यास निघाली. मसूर स्थानकावर उतरल्यावर त्यांची जात कळताच गाडीवाला मिळेना. अखेर दुप्पट भाड्यावर एकजण तयार झाला, तोही गाडी मुलांनीच हाकावी या अटीवर. बरोबर शिदोरी होती, पण पाणी नव्हते. वाटेत जकात नाक्यावर पाणी मागितले, ते मिळाले नाही, आणि मुले भरल्या डब्यांसह उपाशी झोपली. या प्रवासाची हकीकत त्यांनी पुढे स्वतः लिहून ठेवली. मराठी वाचकाला ती परिचित आहे. तिच्यातील एक विसंगती मात्र सहसा नजरेतून सुटते. बाप सार्वजनिक तलावाच्या खर्चाचा हिशेब ठेवत होता आणि त्याच तलावाच्या वाटेवर मुलांना ओंजळभर पाणी मिळत नव्हते.

बडोद्याची शिष्यवृत्ती, १९१३ ते १९१६ कोलंबिया विद्यापीठ आणि नंतर लंडन हा टप्पा येथे थोडक्यात पुरे. पण त्यातील एका गोष्टीवर थांबले पाहिजे. कोलंबियासाठी त्यांनी ज्या विषयावर संशोधन केले तो ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्थेचा होता. केंद्राने प्रांतांना कोणते अधिकार दिले, कोणती साधने दिली आणि जबाबदारी सोपवून पैसा कसा हातचा राखला, याचा तो इतिहास. ग्रंथरूपाने तो १९२५ मध्ये प्रसिद्ध झाला. केंद्र आणि प्रांत हा प्रश्न आंबेडकरांना घटना समितीत प्रथम भेटला असे मानण्याचे कारण नाही. तीस वर्षे आधी त्यांनी त्याचे आकडे तपासले होते. १९३९ च्या जानेवारीत पुण्याच्या गोखले संस्थेत काळे स्मारक व्याख्यान देताना त्यांनी १९३५ च्या कायद्यातील संघराज्याची जी चिरफाड केली, तिच्यामागे हा अभ्यास होता.

दरम्यान महाड घडले होते. १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सरकारी पैशातून बांधलेली वा चालवलेली पाणवठ्याची ठिकाणे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात असा त्याचा आशय होता. महाड नगरपालिकेने त्यास अनुसरून १९२४ मध्ये चवदार तळे खुले केले. कागदावर. तळ्यावर जाण्याची छाती कोणाला झाली नाही. २० मार्च १९२७ रोजी आंबेडकर हजारो माणसांसह तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्याले, तेव्हा ते कायदेभंग करीत नव्हते, तर अंमलात न आलेला ठराव अंमलात आणीत होते. पुढची कहाणी न्यायालयातील आहे आणि या लेखाच्या दृष्टीने तीच अधिक महत्त्वाची. डिसेंबरमधील दुसऱ्या परिषदेच्या तोंडावर विरोधकांनी दिवाणी न्यायालयातून तात्पुरता मनाई हुकूम आणला. तळे खाजगी मालकीचे आहे आणि अस्पृश्यांनी त्याचे पाणी न भरण्याची वहिवाट अनादी आहे, असा त्यांचा दावा होता. प्रतिवादींमध्ये खुद्द आंबेडकर होते. मुंबई उच्च न्यायालयाचा अंतिम निकाल लागला तो १७ मार्च १९३७ रोजी, आंबेडकरांच्या बाजूने. ही वहिवाट अनादी असल्याचे सिद्ध झाले नाही, असा त्याचा आधार होता. घोटभर पाण्याच्या निकालास दहा वर्षे लागली होती. कायदेमंडळाचा ठराव, नगरपालिकेचा ठराव, न्यायालयाचा निकाल आणि प्रत्यक्ष पाणी या चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत, हे या माणसाइतके दुसऱ्या कोणा घटनाकाराला ठाऊक असेल असे वाटत नाही.

जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. या खात्याच्या नावामुळे आजही गैरसमज होतो. कामगारांच्या प्रश्नांखेरीज पाटबंधारे, वीज, खाणी आणि सार्वजनिक बांधकाम हे विषयही त्या काळी मजूर खात्याकडे होते. मात्र पाटबंधाऱ्यांच्या बाबतीत केंद्राच्या हाती फारसे काही नव्हते. १९३५ च्या कायद्याने पाणीपुरवठा, कालवे, जलसंचय, जलशक्ती हे सारे प्रांतांना दिले होते. एका प्रांताने दुसऱ्याचे पाणी अडवल्याची तक्रार आली तर गव्हर्नर जनरलने चौकशी आयोग नेमावा आणि मग आदेश द्यावा, न्यायालयांनी त्यात पडू नये, एवढीच तजवीज होती. तिचा मोठा प्रयोग सिंध आणि पंजाब यांच्यातील सिंधू खोऱ्याच्या वादात झाला. त्या आयोगाचे अध्यक्ष होते बेनेगल नरसिंग राव. आंबेडकर दिल्लीत रुजू झाले त्याच वर्षी रावांचा अहवाल आला. तोडगा मात्र निघाला नाही. फाळणीपर्यंत वाद तसाच राहिला. पाच वर्षांनी हेच राव घटना समितीचे सल्लागार म्हणून आंबेडकरांच्या मसुदा समितीसमोर कच्चा खर्डा ठेवणार होते.

१९४३ च्या जुलैमध्ये दामोदर नदीने बंगालमध्ये बांध फोडले. महायुद्ध ऐन भरात होते, ब्रह्मदेश जपानच्या ताब्यात होता, बंगालमध्ये दुष्काळाने माणसे मरत होती. आणि अशा वेळी ग्रँड ट्रंक रोड व लोहमार्ग वाहून गेल्याने कलकत्त्याचा उर्वरित देशाशी संपर्क तुटला. प्रांतिक सरकारने बर्दवानच्या महाराजांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. शास्त्रज्ञ मेघनाद साहा तिचे सदस्य होते. अमेरिकेतील टेनेसी खोरे प्राधिकरणाच्या धर्तीवर एकच यंत्रणा उभारावी, ही शिफारस तेथून पुढे आली. तोपर्यंत दिल्लीत आंबेडकर युद्धोत्तर पुनर्रचनेच्या समित्यांमधून वीज आणि पाटबंधारे यांचा विचार करू लागले होते. टेनेसी खोऱ्यातील अभियंता व्हुर्डुइन यास बोलावण्यात आले आणि ऑगस्ट १९४४ मध्ये त्याने दामोदरच्या एकात्मिक विकासाचे टिपण सादर केले.

अडचण अभियांत्रिकीची नव्हती. दामोदर छोटा नागपूरच्या पठारावर उगम पावते, म्हणजे तेव्हाच्या बिहारात, आणि पुराने बुडवते ती बंगालला. धरणे बांधायची तर बिहारची जमीन आणि गावे पाण्याखाली जाणार आणि सुटका होणार ती खालच्या बर्दवानची. बिहारने हे का पत्करावे? आंतरराज्य पाणीवादांचे सारे मर्म या एका प्रश्नात आहे. कृष्णा, कावेरी, महादयी यांवर काम केलेल्या अधिकाऱ्यांना तो निराळा समजावून सांगण्याची गरज नाही. ३ जानेवारी १९४५ रोजी कलकत्त्यात केंद्र, बंगाल आणि बिहार यांची परिषद आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली भरली. तेथे त्यांनी मांडलेली भूमिका अशी होती की लोहमार्ग प्रांतांच्या सीमा ओलांडतात म्हणून ते केंद्राकडे आले, पण नद्याही त्याच सीमा ओलांडतात हे घटना करणाऱ्यांच्या ध्यानात आले नाही. नदीचे काम एका हेतूपुरते करू नये, पूरनियंत्रण, सिंचन, वीज आणि नौकानयन एकत्रच पाहावे, आणि त्यासाठी दोन्ही प्रांतांनी एका प्राधिकरणाला मान्यता द्यावी. त्याच वर्षी ५ एप्रिलला केंद्रीय जलमार्ग, पाटबंधारे आणि नौकानयन आयोग स्थापन झाला. अयोध्यानाथ खोसला त्याचे पहिले अध्यक्ष. आजचा केंद्रीय जल आयोग तो हाच. नोव्हेंबरात आंबेडकर कटकला गेले. ओरिसाला दर वर्षी बुडवणाऱ्या महानदीबाबत आजवरच्या समित्यांनी पाणी जास्त आहे हेच संकट मानले, ते साठवण्याचा विचार केला नाही, असे त्यांनी तेथे सुनावले. १५ मार्च १९४६ रोजी हिराकुडची कोनशिला बसली. त्याच वर्षी आंबेडकरांचे मंत्रिपद संपले.

दामोदरचे विधेयक संसदेत नेण्याचे काम दुसऱ्या एका मराठी माणसाकडे आले. स्वातंत्र्यानंतर बांधकाम, खाणी व वीज हे खाते पुण्याचे काकासाहेब गाडगीळ यांच्याकडे होते. १९४८ चा दामोदर खोरे महामंडळ कायदा त्यांनी मंजूर करून घेतला. तेव्हा आंबेडकर त्याच मंत्रिमंडळात कायदामंत्री होते. या कायद्याचे दोन तपशील महत्त्वाचे. पहिला पैशाचा. पूरनियंत्रणाचा खर्च १४ कोटी रुपयांपर्यंत केंद्र आणि पश्चिम बंगाल यांनी निम्मा-निम्मा उचलावा आणि त्यापुढचा बंगालने एकट्याने, असे ठरले. ज्याला पुरापासून वाचवायचे त्याने पैसे द्यावेत, ज्याची जमीन बुडते त्याच्यावर तो भार नसावा, हा हिशेब. दुसरा तपशील अधिकाराचा. पाणी हा प्रांतिक विषय असल्याने केंद्रीय कायदेमंडळाला हा कायदा आपणहून करता येत नव्हता. दोन्ही प्रांतांच्या विधिमंडळांनी आधी ठराव करून संमती दिली, तेव्हाच १९३५ च्या कायद्यातील कलम १०३ चा आधार घेऊन तो करता आला. देशातील पहिले नदीखोरे महामंडळ असे संमतीच्या दारातून आत आले.

आता घटनेकडे यावे. पाण्याचे दोन धागे, एक महाडचा आणि एक दामोदरचा, एकाच दस्तऐवजात शेजारी शेजारी आले आहेत आणि दोहोंचे व्याकरण भिन्न आहे. कलम १५ च्या दुसऱ्या खंडात विहिरी, तळी आणि स्नानघाट यांचा नामनिर्देश आहे. सरकारी पैशाने पूर्णतः वा अंशतः चालणाऱ्या अशा ठिकाणी धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांवरून कोणाही नागरिकाला मज्जाव करता येणार नाही. हा नकार निरपवाद आहे. संसदेने काही करावे, राज्याने ठराव करावा, असे काही त्यात नाही. बोले ठराव आणि महाडचा दहा वर्षांचा दावा ज्याने पाहिला त्याच्या अध्यक्षतेखालील मसुद्यात तळ्याला हे स्थान मिळाले, यात नवल नाही.

नदीच्या बाबतीत भाषा बदलते. राज्यसूचीतील १७ व्या नोंदीने पाणी राज्यांना दिले, पण संघसूचीतील ५६ व्या नोंदीच्या अधीन ठेवून. त्या ५६ व्या नोंदीनुसार आंतरराज्य नद्या आणि त्यांची खोरी यांचे नियमन व विकास केंद्राकडे येतो, मात्र संसद सार्वजनिक हितासाठी जेवढे आवश्यक म्हणून जाहीर करील तेवढाच. तंट्यांचेही तसेच. १९४८ च्या मसुद्यात १९३५ च्या कायद्यातील आयोगाची पद्धत जवळजवळ जशीच्या तशी होती. सप्टेंबर १९४९ मध्ये आंबेडकरांनी ती कलमे मागे घेऊन त्यांच्या जागी एकच कलम आणले, तेच आजचे २६२. तंटे पुढे वाढतील, दर वेळी नवा आयोग नेमण्याची जुनी चौकट त्यांना पुरणार नाही, कदाचित कायम स्वरूपाची यंत्रणा लागेल, तेव्हा संसदेलाच मोकळीक द्यावी, असा त्यांचा युक्तिवाद होता. सर्वोच्च न्यायालयाला दूर ठेवायचे की नाही हेही संसदेवर सोपवले गेले. तळ्याबाबत घटना स्वतः आज्ञा देते. नदीबाबत ती संसदेला परवानगी देऊन थांबते.

कलकत्त्यात नदीला लोहमार्गाच्या पंक्तीला बसवणाऱ्या मजूरमंत्र्याने मसुदा समितीचा अध्यक्ष झाल्यावर ती सरळ केंद्राकडे का आणली नाही, हा प्रश्न रास्त आहे. समितीचा अध्यक्ष एकटा घटनाकार नसतो, हे एक उत्तर. दुसरे असे की दामोदरच्या अनुभवाने त्यांना संमतीचे मोलही शिकवले असावे. बिहारच्या ठरावाविना एक वीटही रचता आली नसती. तरीही प्रस्तुत लेखकाचे मत असे की भविष्यातील संसदेवर त्यांनी जरा जास्तच विश्वास टाकला. महाडच्या माणसाने अंमलाविना पडून राहणाऱ्या ठरावाचे भवितव्य ओळखायला हवे होते.

संसदेने काय केले ते पाहावे. १९५६ मध्ये दोन कायदे आले. आंतरराज्य पाणी तंटा कायद्याने कायम यंत्रणा न आणता दर तंट्याला नवा लवाद हीच पद्धत स्वीकारली, म्हणजे १९४९ मध्ये आंबेडकरांनी जी अपुरी मानली होती तीच. कावेरीचा लवाद १९९० मध्ये नेमला गेला, निवाडा २००७ मध्ये आला आणि अंतिम शब्द २०१८ मध्ये उच्चारला तो ज्या न्यायालयाला दूर ठेवायचे होते त्याच सर्वोच्च न्यायालयाने. एकच कायम लवाद स्थापन करणारे विधेयक लोकसभेने ३१ जुलै २०१९ रोजी मंजूर केले. राज्यसभेत ते पडून राहिले आणि २०२४ मध्ये लोकसभेबरोबरच व्यपगत झाले. संसदेच्या वार्ताहर कक्षात बसणाऱ्यांना त्या दिवशी त्याची बातमीही करावीशी वाटली नाही. दुसरा, नदी मंडळ कायदा, अधिक विलक्षण. त्याच्या दुसऱ्याच कलमात संसदेने आंतरराज्य नद्यांचे नियमन व विकास केंद्राच्या नियंत्रणाखाली घेणे हितावह असल्याचे जाहीर केले आणि पुढच्या कलमांत मंडळांना अधिकार दिला तो सल्ला देण्याचा. त्या कायद्याखाली आजवर एकही मंडळ स्थापन झालेले नाही.

प्रदूषणाचीही गोष्ट याच वाटेने गेली. जलप्रदूषण प्रतिबंधाचा १९७४ चा कायदा संसदेने केला तो १२ राज्यांच्या विधिमंडळांनी कलम २५२ खाली ठराव केल्यावर. हे कलम म्हणजे जुन्या कलम १०३ चाच घटनेतील वारस. महाराष्ट्राने १९६९ मध्येच स्वतःचा कायदा केला होता. केंद्रीय कायदा त्याने नंतर स्वीकारला. २०२४ मध्ये या कायद्यात दुरुस्ती झाली, तीही प्रारंभी हिमाचल प्रदेश, राजस्थान आणि केंद्रशासित प्रदेशांपुरतीच लागू झाली, कारण ठराव त्या दोनच राज्यांचे होते. हवेचा कायदा १९८१ मध्ये आणि पर्यावरणाचा १९८६ मध्ये आला, तेव्हा संसदेने स्टॉकहोम परिषदेचा आधार घेऊन आंतरराष्ट्रीय करारांच्या कलम २५३ ची वाट धरली आणि ठरावांचा प्रश्नच टाळला. नदीतील सांडपाण्यावर आज दोन केंद्रीय कायदे चालतात आणि दोहोंची घटनात्मक मुळे वेगळी आहेत, हे मंत्रालयात नव्याने रुजू होणाऱ्या अधिकाऱ्याला गोंधळात टाकते ते यामुळे.

केंद्राकडे नदी गेली की सारे सुरळीत होते, असे मात्र दामोदरवरून म्हणता येत नाही. आखलेल्या सर्व धरणांपैकी महामंडळाची चारच झाली: तिलैया, कोनार, मैथन आणि पंचेत. बुडीत क्षेत्रातील संथाळ आदी आदिवासींच्या पुनर्वसनाची कहाणी दुःखद आहे. कालवे १९६४ मध्ये पश्चिम बंगालकडे गेले आणि महामंडळ कालांतराने मुख्यतः औष्णिक वीज निर्माण करणारी संस्था बनले. २०२४ च्या सप्टेंबरातील पुराचे खापर पश्चिम बंगाल सरकारने याच महामंडळाच्या विसर्गावर फोडले. वरचे राज्य आता झारखंड आहे, एवढाच फरक.

आंबेडकरांनी १९५१ मध्ये मंत्रिपद सोडले. १९५२ पासून ते राज्यसभेत होते. मधुमेहाने शरीर खचले होते आणि बुद्धचरित्राचे लेखन पुरे करण्याची घाई होती. १९५६ च्या दोन्ही जलकायद्यांचे पितृत्व त्यांना देण्याचे कारण नाही. पाणी तंटा कायद्यावर २८ ऑगस्टला राष्ट्रपतींची स्वाक्षरी झाली, नदी मंडळ कायद्यावर १२ सप्टेंबरला. १४ ऑक्टोबरला नागपुरात त्यांनी धम्मदीक्षा घेतली. ६ डिसेंबरला अलीपूर रोडवरील घरी झोपेतच त्यांचे निधन झाले आणि पार्थिव विमानाने मुंबईस नेण्यात आले. मैथनच्या धरणाचे उद्घाटन सप्टेंबर १९५७ मध्ये झाले, पंचेतचे १९५९ मध्ये.